थीवा ओढ्याची दोन पात्रं

"साया, ओढा एकच सांगा," कर्नल म्हणाला. त्याचं बोट नकाशावर होतं. "इथं एक काढलाय. तुम्ही दोन कुठून आणता?"

सॉ एडोने चष्मा पुसला. त्याला सगळे 'साया', म्हणजे गुरुजी, म्हणत. जमीन मोजणीच्या खात्यात एकतीस वर्षं काढून तो निवृत्त झाला होता, आणि समोरचा नकाशा त्यानेच काढलेला होता.

"साहेब, हे थीवाचं जुनं पात्र. पूर्वेचं. अकरा वर्षांपूर्वी मोठा पूर आला आणि पाणी पश्चिमेकडून वाहायला लागलं. दोन्हींच्या मधे आता थीबाला गाव आहे. साठ घरं."

भातगिरणीच्या गोदामात टेबलाच्या एका अंगाला ब्रह्मी लष्कराची माणसं बसली होती, दुसऱ्या अंगाला करेन बंडखोरांचे कमांडर थेमू आणि त्यांचे तिघे साथीदार. चार दिवसांत बरंच जुळत आलं होतं. ओढ्याच्या पश्चिमेला लष्कर राहील, पूर्वेला बंडखोर. ओढ्याच्या हद्दीत कोणीच हत्यार घेऊन यायचं नाही. आता घोडं ओढ्यावरच अडलं.

"नकाशा सरकारी आहे. ओढा तोच," कर्नल म्हणाला. म्हणजे गाव लष्कराकडे.

"पाणी वाहतं तो ओढा," थेमू म्हणाले. म्हणजे गाव बंडखोरांकडे. "कागदावर पाय भिजलेत का कधी कुणाचे?"

कोणी हसलं नाही. कर्नल उठला. "परवा सकाळी जागेवर जाऊ. साया तिथं काय ते सांगतील. नाही पटलं, तर आम्ही परत जातो. तुम्ही आहात आणि आम्ही आहोत."

एडो त्याच दुपारी थीबालाला चालत गेला.

थीबालात कित्येक वर्षं पुरुष मुखिया झालाच नव्हता. ओझी वाहायला माणसं नेताना लष्कर पहिल्यांदा मुखियालाच धरायचं, म्हणून ते काम बायकांकडे आलं. सध्या नॉ लापॉ होती. तिचा नवरा असाच दारूगोळ्याची पेटी पाठीवर घेऊन गेला, तो आला नाही. थोरला मुलगा बंडखोरांनी नेला, घरटी एक माणूस द्यायचा म्हणून.

ती जुन्या पात्रात भुईमूग खुरपत होती. पुराने ठेवलेल्या गाळात गावाने शेतं केली होती. पाणी परत येऊ नये म्हणून वरच्या तोंडाला मातीचा बांध घातला होता.

"या फाती," ती म्हणाली. 'काका' म्हणायची ही करेन रीत. "वाट चुकलात का?"

एडोने शेताच्या कडेला बसून सगळं सांगितलं. मग म्हणाला, "परवा मला विचारणार आहेत. गाव कुणाच्या बाजूला गेलेलं बरं, तूच सांग."

"म्हणजे नवरा नेला त्यांच्याकडे, का पोरगा नेला त्यांच्याकडे, असंच ना?"

लापॉने खुरपं बाजूला ठेवलं.

"ते हत्याराचं काय म्हणालात? परत सांगा."

"ओढ्याच्या हद्दीत हत्यार न्यायचं नाही. दोघांनीही."

"मग दोन्ही ओढेच आहेत म्हणा की. आम्ही मधे. म्हणजे ओढ्याच्या हद्दीतच झालो."

"अगं, इथं पाणी कुठंय? भुईमूग आहे."

"आता दिसला होय तुम्हाला भुईमूग!" लापॉ उभीच राहिली. "पाय धरले होते आम्ही तुमचे. शेत म्हणून नोंद करा म्हणून. तेव्हा काय म्हणालात? नकाशात ओढा आहे, मी खोटी नोंद करत नाही. आता करा ना खरी! म्हणा ओढा आहे!"

"लापॉ..."

"पाण्याचं मी बघते."

ती बांधाकडे बघत होती. एडोला कळलं.

"गाळ वाहून जाईल," तो म्हणाला. "ही जमीन परत मिळायची नाही."

"माहीत आहे." तिने एक वेल उपटून बघितला. शेंगा पांढऱ्या, मऊ होत्या. "तीन आठवडे मिळाले असते तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळं गाव शेतात उतरलं. निघेल तेवढा भुईमूग, मिरची, तंबाखू काढून वर नेला. एडोला घरी जाता आलं असतं, पण तो गेला नाही, आणि कामाला हातही लावला नाही. बांधापाशी उभा राहिला. एकतीस वर्षांत त्याने एक ओळ खोटी लिहिली नव्हती. त्यापायी खात्यात बढती हुकली होती आणि गावोगावी शिव्या खाल्ल्या होत्या. उद्या इथं पाणी असेल, आणि जे दिसेल तेच मी सांगेन, असं त्याने मनाला दोनदा समजावलं. दुपारी चौघींनी बांधाला कुदळी घातल्या.

सकाळी दोन्हीकडची माणसं आली तेव्हा जुन्या पात्रात गुडघ्याएवढं पाणी होतं. दोन्ही काठांवर गाव उभं होतं.

"सांगा साया," कर्नल म्हणाला.

"दोन्हीकडे थीवाच आहे, साहेब," एडो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. "गाव ओढ्याच्या मधे आहे."

कर्नल बूट न काढता पाण्यात उतरला. पाणी गढूळ होतं. वाहत आलेला एक वेल त्याने उचलला, त्याची एक शेंग बोटांनी फोडली.

"तुमच्या ओढ्यात भुईमूग पिकतो?"

उत्तर थेमूंनी दिलं. ते या गावात जेवलेले होते, ही शेतं त्यांनी पाहिली होती.

"आमच्याकडे कुठंही काहीही पिकतं, कर्नल."

कर्नलने थेमूंकडे पाहिलं, मग काठावरच्या बायकांकडे. बराच वेळ पाहिलं. मग वेल पाण्यात सोडून दिला.

"दोन्ही ओढे लिहा," तो आपल्या लेखनिकाला म्हणाला. जाताना एडोशेजारी क्षणभर थांबला. "गाव आमच्याकडे आलं असतं, तर वरच्यांनी माझ्या शिपाई पोरांना इथं चौकी बांधायला लावली असती, साया. चौदा महिने घरी गेलेली नाहीत ती."

तिसऱ्या दिवशी सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून एडोचीही झाली. तो करार तीन वर्षंही टिकला नाही. पण टिकला तोवर थीबालात बंदूक घेऊन कोणी आलं नाही.

सह्यांच्या पुढच्या आठवड्यात लापॉने एडोला बोलावलं. शाळा पलीकडच्या काठावर होती, मुलांसाठी बांबूचा साकव घालायचा होता. लांबी हवी होती.

एडो मोजपट्टी घेऊन आला. एक टोक लापॉच्या हातात देऊन लुंगी वर खोचली आणि पाण्यात उतरला. एव्हाना पाणी निवळलं होतं. तळाशी वाफ्यांच्या सऱ्या अजून दिसत होत्या. त्यांच्यावर पाय पडू न देता, एकेक ओलांडत, तो पलीकडे पोचला.

"ओढा जरा," लापॉ इकडून ओरडली. "मधे झोल पडलाय."

एडोने पट्टी ताणून धरली.