मेंढीचं जॅकेट

गिऱ्हाइकाने जॅकेट कारखान्यातल्या टेबलावर टाकलं, तेव्हा तिथे चामडं कापणाऱ्या कटरबाईचं लक्ष आधी त्याच्या हाताकडे गेलं. कोपरापासून मनगटापर्यंत बँडेज होतं. मग तिने बाही बघितली. शिवण जागच्या जागी होती. चामडंच गेलं होतं, आणि तेही नुसतं फाटलं नव्हतं. वरचा पापुद्रा आतल्या थरापासून सुटून लोंबत होता.

"वेगात होतो असंही नाही," तो म्हणाला. "वळणावर खडी होती, जरासा घसरलो."

मालक आतून आले. हे जॅकेट हौसेने घालायचं आहे, मोटरसायकलसाठी नाही, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं आणि तरीही दुसरं देऊ केलं. माणूस समजूतदार होता, घेऊन गेला. सगळ्यांच्या दृष्टीने विषय मिटला.

कटरबाई मात्र ती बाही चाचपत राहिली. मेंढीचं कातडं, लोण्यासारखं मऊ. त्याच गठ्ठ्यातून तिने आणखी एक जॅकेट कापलं होतं, मुलीच्या लग्नात जावयाला द्यायला. आणि जावई कुरिअरवाले. दिवसभर मोटरसायकलवर.

त्या दिवशी तिने दोन खिसे उलटे कापले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"फोन करून सांग ना," घरी नवरा म्हणाला. तो नुकताच रिटायर झाला होता आणि त्याला सगळंच सोपं वाटत असे.

"काय सांगू? जावयाला दिलेली वस्तू परत मागू?"

"मग गप्प बस."

"तेही जमत नाही ना."

तिने कारखान्यातून वेगवेगळ्या कातड्यांचे तुकडे मागून आणले. पक्कडीने धरून ओढले, सँडपेपरने घासले. समाधान होईना. शेवटी सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने नवऱ्याला स्कूटर काढायला लावली. विटेला चामडं घट्ट गुंडाळायचं, वीट दोरीने स्कूटरच्या मागे बांधायची आणि गोदामामागच्या रिकाम्या रस्त्यावरून ओढत न्यायची. नवरा स्कूटरवर, ती मागे धावत. समोरच्या घरातली बाई फाटकाशी येऊन उभी राहिली.

"काही हरवलंय का?"

"हो, हिची झोप," नवरा म्हणाला.

मेंढीचा तुकडा त्याने दुसरा गिअर टाकायच्या आत संपला. खालची वीट दिसायला लागली. बकरीचं कातडं जाडीला तेवढंच, पण ते गोदामाच्या टोकापर्यंत गेलं आणि भोक पडलं तेही बारीक. गाईचं जाऊन परत आलं. नुसतं खरवडलं होतं. म्हशीचं तर होतं तसं होतं. नवऱ्याने ते हातात तोललं.

"याचं जॅकेट घालून माणूस पडला, तर त्याला काही होणार नाही. फक्त परत उठता येणार नाही."

तिला हसू आलं नाही. तिने मेंढीचा तुकडा उचलला आणि मुलीला फोन लावला.

"तो तेच घालतो गं," मुलगी म्हणाली. "दुसरं अंगाला लावत नाही. का?"

कटरबाईने विटेची सगळी हकिगत सांगितली.

"आई, हे मला कशाला सांगितलंस? तो येईपर्यंत मी अशीही खिडकी सोडत नाही. आता ती वीट पण डोळ्यांसमोर येणार."

आपण आपली काळजी मुलीच्या गळ्यात टाकली, हे कटरबाईला फोन ठेवल्यावर कळलं. मग तिने बोलणं सोडलं आणि कापायला घेतलं. गाईच्या जाड कातड्याचं, दुहेरी शिवणीचं जॅकेट तिने आठवड्याच्या आत उभं केलं. उभं म्हणजे अक्षरशः उभं. खुर्चीवर ठेवलं तर आत कोणी बसल्यासारखं दिसायचं.

जावयांनी ते घातलं. मान वळवायची तर त्यांना अख्खं वळावं लागत होतं.

"छान झालंय, आई," ते म्हणाले.

"जड होतंय का?"

"छे, अजिबात नाही."

दुसऱ्या दिवशी मुलीने कळवलं, गाय दाराच्या मागे टांगली आहे, मेंढी कामावर गेली आहे.

आता काय करावं ते कटरबाईला सुचेना. जावयांना रागवता येत नाही, मुलीला घाबरवता येत नाही आणि स्वतःला एका जागी बसता येत नाही. दोन दिवस ती कामावरून आल्यावर घरातल्या घरात फेऱ्या मारत राहिली. तिसऱ्या दिवशी रजा टाकून सरळ मुलीच्या घरी गेली. जावई निघायच्या तयारीत होते.

"मला आज मागे बसवा," ती म्हणाली. "उभ्या माणसाचं माप घेऊन चूक झाली. मला बसलेल्या माणसाचं माप हवंय."

मुलगी हसायला लागली. जावई हसले नाहीत. सासूला मागे बसवून पार्सलं वाटत फिरायचं म्हणजे त्यांच्यावर संकटच होतं. पण नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती.

कटरबाई एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवून बसली. वळताना पाठीवर कुठे ताण येतो, ब्रेक दाबताना काख कुठे ओढली जाते, सगळं तिला तळहातातून कळत होतं. बाजाराच्या चौकात एक टेम्पो अचानक आडवा आला, तसं तिने घाबरून त्यांचं कोपर घट्ट पकडलं. आणि तिची बोटं तिथेच थांबली. सगळी बाही मऊ होती. कोपरावर मात्र तळहाताएवढा भाग पुठ्ठ्यासारखा कडक लागत होता.

"गाडी बाजूला घ्या."

त्यांनी घेतली. तिने बाही उजेडात धरली. आतून ठिगळ, वरून फेव्हिकॉल आणि त्यावर काळं बूटपॉलिश. काम नीट केलं होतं. नुसतं बघून तिलासुद्धा कळलं नसतं.

"कधी पडलात?"

जावई हेल्मेट काढून तसेच उभे राहिले.

"झाला महिना."

"लागलं?"

"खरचटलं. हिला सांगितलं, गोदामात खोका लागला."

"आणि मला?"

"तुम्ही स्वतः कापलेलं होतं, आई. पहिल्याच वर्षी फाटलं, असं कुठल्या तोंडाने सांगू? आणि नवीन घातलं असतं तर हिने जुनं कपाटात ठेवायला घेतलं असतं, ठिगळ दिसलं असतं."

कटरबाई रस्त्याकडेच्या कठड्यावर बसली. इतके दिवस ती ज्याला घाबरत होती ते होऊन गेलं होतं, आणि तिला न दुखवण्यासाठी या माणसाने तीच पातळ बाही चिकटवून रोज अंगात घातली होती. तिला रडू यायला हवं होतं. आला तो राग.

"जावई असाल तुम्ही," ती म्हणाली, "पण आज ऐकून घ्या. कातडं मी कापलं, पण माझा मान त्यात अडकलेला नाही. फाटलं तर फाटलं म्हणायचं. आणि घरी जाऊन तिला सांगा. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

त्यांनी सांगितलं. मुलीने दोन दिवस दोघांशीही बोलणं टाकलं; नवऱ्याने लपवलं म्हणून त्याच्याशी आणि आईने असलं जॅकेट दिलं म्हणून आईशी. मग एका दुपारी ती कारखान्यात आली आणि टेबलापाशी उभी राहिली.

"यावेळी कशाचं कापतेयस?"

"अंगाला बकरी. खांदे आणि कोपरं गाईची, आत आणखी एक थर. पाठीला चुण्या, वाकता यावं म्हणून."

"पुरेल ना एवढं?"

कटरबाईला खोटं बोलवेना. "कातडं पुरेल. बाकी त्यांनी हळू चालवावी."

मुलीने खडूने आखलेला बाहीचा तुकडा उचलला, दोन्ही हातांनी ओढून बघितला आणि पुन्हा ओढला.

नवीन जॅकेट जावई घालतात. मनापासून घालतात, कारण आता आवडलं नाही तर तसं म्हणायची त्यांना मुभा आहे. कॉलर टोचते म्हणून त्यांनी ती एकदा बदलूनही घेतली. कटरबाईची धास्ती काही गेली नाही. दर रविवारी ती दोघं जेवायला येतात, तेव्हा जावई दारातच थांबतात आणि न विचारता दोन्ही कोपरं वर करून दाखवतात. ती आधी एका शिवणीवरून अंगठा फिरवते, मग दुसरीवरून.

"ठीक आहे," ती म्हणते. "आता पाठ करा बघू इकडे."