भिंत धुरपताबाईंच्या नावची

राजेश्रीचा फ्लेक्स लागला धुरपताबाईंच्या भिंतीवर, आणि गावात सगळ्यात शेवटी तो दिसला धुरपताबाईंनाच. त्या ताडकळसच्या बाजाराला गेल्या होत्या. परत येऊन ऑटोतून उतरल्या, वांग्यांची पिशवी खाली ठेवली, वर पाहिलं, तर स्वतःच्याच घराच्या भिंतीवर धाकटी जाऊ हात जोडून उभी. माणसाच्या दुप्पट उंचीची. डोक्यावर पदर, गळ्यात सासूबाईंची बोरमाळ. घरात सावळी असलेली राजेश्री भिंतीवर चांगली गोरी झाली होती.

"लय उजळ दिसायली की तुमची जाऊ," समोरच्या घरातली सारजाबाई म्हणाली. "पंचायत समितीला आता पडत न्हाई ती."

"पडलीच तर धरायला भिंत हाय की आमची," धुरपताबाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून आत गेल्या.

बोरमाळ सासूबाईंनी धाकटीला दिली तेव्हा धुरपताबाईंनी आठ दिवस चुलीशी अबोला धरला होता. पण ते दुखणं जुनं. हे नवं होतं. बायकांसाठी जागा सुटली म्हणून त्या सरपंच झाल्या, तेव्हा गावभर बॅनर लागले ते नवऱ्याच्या, दिनकररावांच्या फोटोचे. खाली बारीक अक्षरात धुरपताबाईंचं नाव. "बाईचं तोंड चौकात कशाला?" दिनकरराव म्हणाले होते. त्या सरपंचकीतून धुरपताबाईंना उरलं एवढंच: रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीखाली एक कोनशिला. वर पुढाऱ्यांची नावं, शेवटच्या ओळीत 'सरपंच सौ. धुरपताबाई दिनकरराव'. येता-जाता त्या तिच्यावरची धूळ पदरानं पुसत. आचारसंहिता लागली आणि ग्रामसेवक परमेश्वरनं त्या दगडावर वर्तमानपत्र डकवलं. म्हणजे आता एकीचं तोंड भिंतीवर, आणि दुसरीचं नाव कागदाखाली.

"भिंत कोनं दिली?" त्यांनी जेवायला बसलेल्या नवऱ्याला विचारलं.

"मी. भारत संमतीचा कागद घेऊन आला, दिली सही." भारत म्हणजे दिनकररावांचा धाकटा भाऊ, राजेश्रीचा नवरा. "घरचीच बाई उभी राहायली, न्हाई कसं म्हणू?"

"माझ्या वक्ताला मी कोनाच्या घरची होते?"

"तुझ्या वक्ताचं वायलं होतं."

"काय वायलं होतं?"

दिनकररावांनी घास चावला, गिळला. "भाजीत मीठ कमी हाय," ते म्हणाले.

घर धुरपताबाईंच्या नावावर होतं. कुठल्याशा योजनेसाठी दिनकररावांनीच ते पंचायतीत तसं लावून घेतलं होतं आणि विसरून गेले होते. धुरपताबाई विसरल्या नव्हत्या. सकाळी त्यांनी तांब्याभर पाणी नेलं, कोनशिलेवरचा कागद भिजवला आणि नखानं सोलून काढला. नाव लख्ख दिसायला लागलं. मग घरी येऊन आचारसंहिता पथकाला फोन लावला. भिंतीवरून ते तोंड उतरलं की चौकात एकच नाव उरणार होतं.

दुपारच्या आत जीप आली. कॅमेरा घेतलेला एक माणूस, दोन मजूर आणि पथकप्रमुख सुकेशनी मॅडम. मागून मोटारसायकलवर परमेश्वर.

"तक्रार कोणाची?"

"माझी. घर माझ्या नावचं हाय आन् कागदावर सही माझी न्हाई."

"बरोबर हाय मॅडम, घर बाईंच्याच नावचं," परमेश्वर म्हणाला. दिनकरराव आभाळात ढग शोधायला लागले.

राजेश्री पिठाच्या हातांनीच धावत आली. भिंतीवरची गोरी आणि खालची सावळी, दोघी एकदम दिसल्या.

"अक्का, एक शब्द म्हणायचा होता. मीच उतरवला असता."

"लावताना तू म्हणालीस का एक शब्द?"

"मोठ्या भाऊजींना इचारलं होतं."

"तेच तर."

"घरमालकाची लेखी संमती नाही. उतरवा," मॅडम म्हणाल्या. दोऱ्या कापल्या. राजेश्री कपाळापासून खाली दुमडत गेली. धुरपताबाईंच्या काळजात गार पाणी पडलं.

ते फार वेळ टिकलं नाही. घाम पुसायला मॅडम मागं वळल्या आणि त्यांना टाकी दिसली.

"ही कोनशिला उघडी कशी?"

"मी सोता पेपर डकवला होता, मॅडम," परमेश्वर गडबडला.

"मग गेला कुठं?"

ओल्या कागदाच्या सुरळ्या दगडाखालीच पडल्या होत्या. अख्ख्या चौकानं धुरपताबाईंकडे पाहिलं.

"वाऱ्यानं गेला असंल," राजेश्री म्हणाली.

शिव्या दिल्या असत्या तरी धुरपताबाईंना परवडलं असतं.

"कागद टिकत नाही इथं. पक्कं काहीतरी बांधा," मॅडमनी सांगितलं. जवळ कापड नव्हतं. परमेश्वरनं जीपमध्ये टाकलेल्या फ्लेक्सकडे बोट केलं. मॅडमनी क्षणभर विचार केला. "पंचनामा झालाय. एक तुकडा कापून घ्या. पण चित्र आत, पांढरी बाजू बाहेर." मजुरानं हाताला आला तो तुकडा कापला. तो नेमका मधला निघाला. दगडाला तो सुतळीनं बांधून जीप निघून गेली.

संध्याकाळी राजेश्रीचा दुसरा फ्लेक्स सारजाबाईच्या भिंतीवर लागला. सारजाबाईनं संमतीवर स्वतः सही केली, वर चढायला स्टूलही दिलं. आता तो धुरपताबाईंच्या ओट्यासमोरच आला. त्यांनी त्याच्यावरून तोंड बाजूला वळवलं, तर नजरेसमोर टाकी.

वारं सुटलं. बांधलेल्या फ्लेक्सचा खालचा कोपरा उचलला आणि जोडलेले हात दिसले. आणखी एक झुळूक, आणि बोरमाळ. मग हनुवटी. सरपंच सौ. धुरपताबाईंच्या नावाला गाल लावून राजेश्री हसत होती.

धुरपताबाई उठल्या. गोठ्यातून सुतळी आणली. कोपरा धरून खाली ओढला, नावाचं एक अक्षरही दिसणार नाही असा ताणला आणि गाठ मारली. मग दुसरी मारली.

"काय बांधायलाव, धुरपताबाई?" सारजाबाईनं तिकडून हाक दिली. "तुमचंच नाव हाय की आत!"

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या आणि तिसरी गाठ दातानं आवळली.