शंभरातले ऐंशी

मामाचं शिवणकामाचं दुकान तळघरात होतं. त्या तळघरात पाणी शिरून मामा गेला, आणि चौकशी समितीनं दोष त्याच्याच माथी मारायचं ठरवलं. म्हणे दुकानातल्या चिंध्यांनी गटाराची जाळी तुंबली. गेलेल्या माणसावर खापर फोडलेलं बरं असतं, तो उलटून बोलत नाही.

मी नगरपालिकेत पावसाच्या पाण्याचं गणित मांडते. मामा मला ‘पाऊसमंत्री’ म्हणायचा. नळाला पाणी नसलं तरी जाब मलाच विचारायचा. काम तसं सोपं. संगणकात प्रत्येक जागेचे दोन भाग करायचे: पाणी पिणारी माती, आणि न पिणारं छप्पर, काँक्रीट, फरशी. मग एक आकडा भरायचा, की छपरावरचं किती पाणी आधी मातीवर जाईल; उरलेलं थेट गटारात. दुकानामागच्या शाळेसाठी मी शंभरातले ऐंशी मातीवर सोडले होते, कारण वरून घेतलेल्या फोटोत छपरालगत भलंमोठं हिरवंगार मैदान दिसत होतं. आहे ते गटार पुरेल, असं लिहून मी सही केली. शाळा ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. पण जागेवर जायचा कंटाळा केला, दुसरं काय.

मामा गेल्यावर, बुधवारी, एकदाची गेले. वाकून गवत उपटायला बघितलं तर अख्खी पट्टीच हातात आली. प्लास्टिकचं गवत, खाली काँक्रीट. मातीचा पत्ता नाही, आणि सगळा उतार मामाच्या पायऱ्यांकडे. ऑफिसात येऊन मी ऐंशीच्या जागी शून्य भरलं. जाळी अगदी साफ आहे असं धरूनही तळघर अकरा मिनिटांत भरलं.

साहेबांना दाखवलं. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. म्हणाले, सोमवारी समितीचा अहवाल जातोय, तुझ्या आकड्यांवर माझीही सही आहे, तोंड उघडलंस तर दोघंही घरी बसू, आणि मामा काही परत येणार नाही. मला ते पटलं. सांगायला लाज वाटते, पण पटलं.

रोज ऑफिसातून मामीकडे जात होते. ती वाढायची, मी खाली मान घालून जेवायचे. चिंध्यांचा विषय निघाला की ती उठून आत जायची. मला वाटायचं, रडायला जाते.

रविवारी दुपारी तिच्याकडे जेवताना मध्येच हात थांबवला. गवत, आकडा, सही, सगळं ओकून टाकलं. चूक माझी आहे, उद्या समितीपुढे तसंच सांगणार, असंही म्हणाले.

मामी ओरडली नाही. तिनं विचारलं, “जाळी साफ असती तरी गेले असते ते?”

“हो.”

“नक्की?”

“तीनदा करून बघितलं, मामी.”

ती आपल्या तळहातांकडे बघत बसली. “दुकान झाडून चिंध्या मीच लोटायचे त्या जाळीकडे. रोज.” मग म्हणाली, “तुला कधी कळलं हे?”

“बुधवारी.”

“म्हणजे चार दिवस. नवऱ्याला मीच मारलं असं समजून मी तुला वाढत होते, आणि तू जेवत होतीस.”

तिनं माझं अर्धं ताट उचललं, बाहेरचं दार उघडलं आणि मी निघेपर्यंत तिथेच उभी राहिली.