ठकी दिसली पाहिजे

"एस. यू. डी. ओ. आता जागा सोड, मामा."

"केवढी?"

"ते लांब बटण एकदाच दाब. दाबून धरू नकोस."

मामाने बटण एकदाच दाबलं आणि चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं. टेबलावर साधा बटणांचा फोन स्पीकरवर लावून ठेवला होता. त्यातून भाचा बोलत होता, दूरच्या शहरातल्या एका इस्पितळाच्या व्हरांड्यातून. तिथल्याच आतल्या खोलीत ठकी होती.

ठकी म्हणजे मामाची धाकटी बहीण, भाच्याची आई. साठी उलटली तरी ठकीच. घशाच्या दुखण्यात तिचा आवाज गेला, तेव्हापासून फोनचा काही उपयोग उरला नव्हता. रोज दुपारी ती पडद्यावर यायची, पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहायची आणि मामा मोठ्याने उत्तर द्यायचा. आवाज तिचा गेला होता, ओरडायचा मात्र हा. शेजाऱ्यांनी आपला मोबाइल देऊ केला होता, पण मोतीबिंदूच्या डोळ्यांना त्या तळहाताएवढ्या काचेवर पाटी दिसायची, अक्षरं नाही. म्हणून हा जुना कॉम्प्युटर. भाच्याने त्यावर लिनक्स बसवलं होतं, फुकटातलं, कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं. आणि मागच्या बाजूला अंगठ्याच्या पेराएवढा वायफाय अडॅप्टर खोचून दिला होता. त्यातला निळा दिवा लुकलुकला, की ठकी आलीच.

आज सकाळपासून तो दिवा लागला नव्हता. आणि आजच डॉक्टरांनी भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, कोणाला भेटवायचं असेल तर आज भेटवा. गाडीने निघालं असतं तरी पोचायला दुसरा दिवस उजाडला असता. ठकीला दादा दिसायचा तर याच पडद्यावर, आणि आजच.

"पण तू नेमकं केलंस काय, मामा?"

"काही नाही रे. अपडेट आलं होतं. तूच म्हणाला होतास, येईल ते घेत जा."

"बरं. मग मशीन सुरू करताना सिस्टीमची जुनी आवृत्ती निवडू. तिच्यात अडॅप्टर चालेल."

"जुनी नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"त्याने विचारलं, जुनं आता लागत नाही, काढून टाकू का? म्हटलं, टाक."



मामाने उभा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत काढला होता. नवा दोर चढवला की जुना त्याच दिवशी इमारतीबाहेर गेला पाहिजे, नाहीतर कोणीतरी दीडशहाणा तोच पुन्हा चढवतो, ही त्याची शिस्त. साहेब लोकसुद्धा या शिस्तीला वचकून असत. आज तीच अंगाशी आली.

"चुकलं माझंच," भाचा म्हणाला. "त्या अडॅप्टरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, मी हाताने बांधला होता. आतली सिस्टीम बदलली की तो परत बांधावा लागतो. तुला सांगायचं राहिलं."

"आता चुका वाटून घेत बसू नकोस. कसा बांधायचा ते बोल."

"त्याचं सगळं सामान तुझ्याच मशीनमध्ये आहे, एका फोल्डरात. नेट लागणार नाही. मी सांगतो ते त्या काळ्या खिडकीत टाइप कर."

मामा पुन्हा टाइप करू लागला. एक अक्षर शोधायचं, भिंग धरून खात्री करायची, मग दाबायचं. फोल्डरच्या नावात एक आडवी रेघ होती, ती त्याने खाली दिली. खिडकीने असं काही नाहीच म्हणून सांगितलं.

"मामा, वरची रेघ! किती वेळा सांगू?"

"तुझ्या आईला असाच ओरडतोस का रे?"

"आई एका सांगण्यात ऐकते." मग जरा नरमून म्हणाला, "आता पासवर्ड टाक."

"टाकतोय. उमटतच नाहीये काही."

"उमटणार नाही. तसंच टाकत जा."

"म्हणजे आंधळ्यासारखं? ते मला जमतं."

भाचा हसला. मामालाही तेवढंच बरं वाटलं.

"ठकी काय करतेय?"

"जागी आहे. पाटीवर लिहिलंय, दादा कुठे अडकला?"

"तिला सांग, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलोय. पोचतोच."

भाचा आत जाऊन आला. "सांगितलं. हसली."

लिफ्टमध्ये माणूस अडकला की मामा आधी हत्याराला हात लावत नसे. दाराच्या फटीला तोंड लावून त्याच्याशी बोलू लागे. आतली बटणं वाचून दाखवा, पंख्याचा आवाज येतो का सांगा, असं काहीबाही काम लावून देई. माणूस कामाला लागला की त्याचा जीव थाऱ्यावर येतो, असं तो म्हणे. आणि वर काही भलतंच तुटलेलं दिसलं, तरी दार उघडून माणूस समोर उभा राहीपर्यंत ते बोलायचं नाही.

"थांब हं, मामा. नर्स बोलावतेय."

मामा थांबला. भिंग घेऊन आपणच टाइप केलेल्या ओळी वाचत बसला. एकाही ओळीचा अर्थ कळत नव्हता, पण वाचत होता. ठकीला काय बोलायचं ते त्याने मनात जुळवून ठेवलं होतं. फार काही नव्हतं. भिऊ नकोस, एवढंच होतं.

फोनमध्ये खुडबुड झाली.

"मामा, आहेस ना?"

"आहे. तुझा घसा बसला का रे?"

"इथे एसी फार आहे. कुठवर आलो होतो आपण?"

"पासवर्ड झाला. ठकीला म्हणावं..."

"आधी हे करू या, मामा. एम. सापडलं? सावकाश. घाई नाही. ए. मग के. मग ई."

आता तो ओरडत नव्हता. मामाने के सोडून भलतंच बटण दाबलं, तरी म्हणाला, "असू दे, खोडून परत टाक."

"दमली असेल ती. झोपली का?"

"हो. झोपलीय."

काळ्या खिडकीत ओळींमागून ओळी धावल्या आणि थांबल्या. भाच्याने पुढची ओळ सांगितली, मग आणखी एक. मग मामा ओरडलाच, "लागला! अरे, दिवा लागला!"

त्याने घाईने केसांवरून हात फिरवला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं. गबाळा दिसला की ठकी पाटी भरून लिहायची. झोपली असली तरी चालेल, तो मनाशी म्हणाला, उठेपर्यंत बघत बसू.

पडद्यावर चित्र आलं. व्हरांडा, भिंत, बाक, बाकावर भाचा. खाट नव्हतीच.

"आत ने ना मला. ठकी कुठेय?"

भाच्याने चष्मा काढला. "मघाशी नर्सने बोलावलं ना, मामा. तेव्हाच."

 मामाला एकदम राग आला.

"तेव्हाच? मग इतका वेळ मला अक्षरं काय सांगत बसलास?"

"तू तिथे एकटा. नुसत्या आवाजावर सांगवेना रे. म्हटलं, सांगताना तुला कोणीतरी दिसावं."

मामाने भिंग उचलून पडद्याला लावलं. भाच्याचे डोळे सुजले होते. बाकावर त्याच्या अल्याडपल्याड कोणी नव्हतं. आई गेल्यावर हे पोर इथे बसून आपल्याला एम, ए, के, ई सांगत होतं. 

"काही खाल्लंस?"

"नाही."

"जा, चहा तरी घेऊन ये. मी मिळेल त्या गाडीने निघतो."

"बंद करू हे?"

"नको. राहू दे तसंच. मी आहे इथे."

भाचा फोन बाकासमोरच्या खिडकीत टेकवून गेला. पडद्यावर भिंत आणि रिकामा बाक उरला. मामा खुर्ची पुढे ओढून ताठ बसला आणि भाचा परत येईपर्यंत त्याची जागा राखत राहिला.