रजिस्टरातली जन्मतारीख

एकोडीजवळच्या आमच्या खेड्यात निम्म्या लोकांच्या जन्मतारखा मी लावल्या आहेत. मी आनंदराव, निवृत्त मास्तर. पोराचं नाव शाळेत घालताना आया सांगायच्या, "धान कापणीच्या वेळचा आहे जी." मग मी पोराकडे एकदा बघायचो आणि तारीख ठोकून द्यायचो. बायाबाईचा धनराज आणि त्याच्यामागून दोन वर्षांनी शाळेत आलेली ज्योत्सना, या सख्ख्या भावंडांत मी असंच चार महिन्यांचं अंतर ठेवलं. जुनं पान उलटून बघायचे कष्ट कोण घेतो?

धनराज कॅनडात ट्रक चालवायचा. गेल्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. ज्योत्सना आपली द्यायला तयार होती, पण तिचा व्हिसा नाकारला. चार महिन्यांच्या अंतरानं सख्खी भावंडं कशी जन्मतील?

तिनं तिकडच्या कोर्टात दाद मागितली. वकिलाच्या सांगण्यावरून मी साकोलीला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं, तारखा अंदाजे लावल्या म्हणून. बायाबाई माझ्या पाया पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नकाराआधी व्हिसा ऑफिसातून मला फोन आला होता आणि मी ताठ्यात सांगितलं होतं, "माझ्या रजिस्टरात चूक निघायची नाही." ही गोष्ट मी सगळ्यांपासून लपवली.

आठ महिन्यांनी निकाल आला. अधिकाऱ्यासमोर तेव्हा जे होतं, तेवढंच कोर्टानं तपासलं. खुद्द मास्तर फोनवर तारखा बरोबर म्हणाला होता, असं निकालातच लिहिलं होतं, म्हणजे अधिकाऱ्याचं चुकलं नव्हतं. माझं प्रतिज्ञापत्र नंतरचं, ते धरलंच नाही.

आज दुपारी बायाबाई आली.

"गुरुजी, फोनचं तवाच काहून नाही सांगतलं? वकील म्हणते, कोर्टात गेलोच नसतो, नवा अर्ज केला असता. पोरगी कवाचीच पोचली असती."

"लाज वाटली, बायाबाई."

"सकाळी धनराज बोलला. त्याचं हृदय कमजोर झालं, आता ऑपरेशन होत नाही म्हणते डॉक्टर. ज्योत्सनाले तुमीच सांगा जी. माझ्याच्यानं होत नाही."

मी तिच्या घरी गेलो. ज्योत्सना ओसरीवर कागद पसरून लिहीत होती. मला बघून तिनं खुर्ची पुढे सरकवली.

"फोनचं मनाले लावून घेऊ नका, गुरुजी. नवा अर्ज भरून राहिली. डीएनएचा रिपोर्ट जोडतो, यावेळी नक्की होते."

मी तिचा पेन धरला आणि तिला थांबवलं.