संस्थापकांचा चेहरा

ज्या आजोबांनी वाइनरी काढली, त्यांचा एक धड फोटो घरात कुणी ठेवला नव्हता. पाहुणे वाइन चाखतात त्या दालनात मात्र संस्थापकांचं तैलचित्र हवंच होतं. चित्रकाराला उन्हात रापलेला चेहरा पाहिजे होता आणि नातवंडं पडली लोण्याच्या गोळ्यासारखी. मग लाकडी पिंपं बांधणाऱ्या मिशीवाल्या मिस्त्रीला तीन दिवस खुर्चीत बसवलं आणि चित्राखाली आजोबांचं नाव लिहिलं.

पुढे एका पाहुणीने तळघरात पिंप ठोकणाऱ्या मिस्त्रीला पाहिलं आणि विचारलं, "वरच्या चित्रातले आजोबा तुमचे कोण?"

"कुणी नाही, बाई."

"असं होय," म्हणत तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

दुसऱ्याच दिवशी थोरल्या नातवाने मिस्त्रीला बोलावलं. "मिस्त्री, मिशी काढा. लोक भलतंच बोलायला लागलेत. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे."

मिस्त्रीने वीस वर्षं जपलेली मिशी उतरवली. ते त्याला फार लागलं.

आता पाहुणे एकमेकांच्या कानात सांगतात, की आजोबांच्या बाहेरच्या पोराची मिशीसुद्धा या माणसांना बघवली नाही. कुणी विचारलंच, तर मिस्त्री हल्ली 'नाही' म्हणत नाही.