मला टोपण नाही

मित्रांनो, डॉक्टरांच्या टेबलावर, रक्तदाब मोजायच्या यंत्राशेजारी, साबणाच्या वडीएवढा काळा डबा पडलेला दिसतो ना, तो मी. खोलीतले बोलणे ऐकायचे आणि लिहून काढायचे, एवढेच माझे काम. कारखान्यात मला खोकला आणि बोलणे यांतला फरक शिकवला, कुजबूज पकडायला शिकवले. गप्प कधी बसायचे, हे कुणीही शिकवले नाही.

सुरुवातीला काय माझे कौतुक! काउंटरवरच्या ताई म्हणायच्या, "सुटले बाई. साहेबांचं अक्षर वाचायला दुसरा डॉक्टर बोलवावा लागायचा." साहेब मला चष्म्याच्या फडक्याने पुसायचे. रुग्ण उठला की माझे टिपण तयार, आणि लगेच त्याच्या कार्डावरच्या मोबाईलवर रवाना. पण महिन्याभरात मी भिंतीवरच्या घड्याळासारखा झालो. मी तिथे आहे, हेच सगळे विसरले. घात तिथेच झाला.

साहेबांची एक जुनी सवय होती. रुग्णाला काही नाजूक सांगायचे असले की ते पेनाला टोपण लावून तो आडवा ठेवायचे. म्हणजे आता बोला, कागदावर काही जाणार नाही. जुने रुग्ण ही खूण ओळखून होते.

एका बुधवारी शिवणकाम करणारी एक बाई सुजलेले मनगट घेऊन आली. जिन्यावरून पडले, म्हणाली. साहेबांनी तिच्याकडे पाहिले आणि टोपण लावले. ते पाहून तिने खुर्ची पुढे ओढली.

"पडले नाही, डॉक्टर. ह्यांनी हात पिरगाळला. शनिवारी पोरीला घेऊन माझ्या ताईच्या नव्या घरी निघून जातेय. तोवर कुणाला कळू देऊ नका."

"माझ्याकडून नाही कळणार," साहेब म्हणाले.

माणूस खोटा नव्हता. फक्त मला बंद करायला विसरला.

मी सगळे लिहिले. 'कुणाला कळू देऊ नका' हेसुद्धा, एकही चूक न करता. टिपण गेले. कार्डावर नंबर नवऱ्याचा होता. काउंटरवरच्या ताई नाव नोंदवताना घरातला नंबर सांगा म्हणतात, आणि बायका मुकाट्याने नवऱ्याचा सांगतात.

दुसऱ्या दिवशी तो आला. आरडाओरडा नाही, काही नाही. मोबाईल साहेबांपुढे धरून म्हणाला, "छान लिहिता हो डॉक्टर. तिच्या ताईचा नवा पत्ता तेवढा राहिला."

साहेबांनी पेन उचलला, टोपण काढले, परत लावले. तो गेल्यावर त्यांनी पोलिसांना फोन केला. पोलीस पोचले तेव्हा घराला कुलूप होते.

साहेबांनी जाब विचारला, तेव्हा मला बनवणाऱ्यांनी कळवले की संमतीच्या कागदावर बाईंची सही आहे. आहे ना! चौथ्या पानाच्या तळाशी, सुजलेल्या हाताने केलेली. वाचायला तिला कुणी दिले होते? माझ्याबद्दल एक शब्द तरी कुणी तिला सांगितला होता?

मी आजही त्याच टेबलावर आहे. दार उघडले की प्रत्येक आवाजात तिचा आवाज शोधतो. लाखोंमधून ओळखेन मी तो. अजून आलेला नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा डबा समोर दिसला तर लाजू नका. हा चालू आहे का, लिहिलेले कुणाकडे जाते, हे आधी विचारा. बंद करा म्हणा. डॉक्टर मोठे असतील, तरी म्हणा. मला स्वतःहून गप्प बसता येत नाही हो.

माझे बटण उजव्या बाजूला आहे. त्या दिवशी साहेबांचा टोपण लावलेला पेन त्यालाच टेकून पडला होता.